काटा झीरो केला होता का?

"तीन आठवडे द्या मला, सर! फक्त तीन आठवडे! खांबाला बोलतं करून दाखवतो, ही तर पोरं आहेत!"

भालचंद्र पाठक सरांनी प्राचार्यांच्या टेबलावर असा काही हात आपटला, की कपातला निम्मा चहा बशीत उतरला. प्राचार्यांनी तो बशीतूनच प्यायला आणि मान डोलावली. दुसरा इलाजही नव्हता म्हणा! लोणारजवळच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टची तोंडी परीक्षा असते, पन्नास गुणांची. गेल्या वर्षी चौदापैकी नऊ पोरं तीत आडवी झाली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवालात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांना विषय येत असावा असा संशय आहे, परंतु पुरावा मिळाला नाही.'

हे वाक्य पाठक सरांच्या फार जिव्हारी लागलं. बावीस वर्षं ते रसायनशास्त्र शिकवत होते. रोज मेहकरहून एस.टी.ने यायचं, घसा कोरडा होईस्तोवर बोलायचं आणि एस.टी.ने परत जायचं. आणि संशय? नुसता संशय?

मग ते पाच दिवसांच्या एका कार्यशाळेला गेले आणि तिथे त्यांना साक्षात्कार झाला. सॉफ्ट स्किल! गुण काही नुसत्या अभ्यासाने मिळत नाहीत. चाळीस टक्के गुण डोक्याचे आणि साठ टक्के बोलण्याचे, उभं राहण्याचे, हसण्याचे, हात मिळवण्याचे! हे आकडे कुठून आले, हे सरांनी विचारलं नाही. सांगणाऱ्याने ते इतकं हसून आणि डोळ्यांत बघून सांगितलं होतं, की विचारायची सोयच उरली नव्हती.

परत आल्यावर सरांनी कार्यशाळेचं प्रमाणपत्र फ्रेम करून प्रयोगशाळेत टांगलं. त्याच्यासाठी स्टुलावर चढून खिळा ठोकताना प्रयोगशाळेचे शिपाई कारभारीभाऊ म्हणाले,

"सर, सॉफ्ट म्हंजे मऊ ना?"

"हो."

"मंग पोरायले मऊ काऊन करून राह्यले? आधीच काय कडक हायेत ते?"

"कारभारी, खिळा ठोका!"

दुसऱ्या दिवसापासून प्रशिक्षण सुरू झालं. नियम चारच होते. एक, हात घट्ट मिळवायचा. दोन, डोळ्यांत बघायचं. तीन, हसत राहायचं. आणि चौथा सगळ्यात महत्त्वाचा! 'येत नाही' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्याऐवजी आधी प्रश्नाचं कौतुक करायचं, मग तोच प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगायचा. तेवढ्यात उत्तर सुचतं!

पोरं मनापासून कामाला लागली. एकाने डोळ्यांत बघायचा सराव घरच्या म्हशीवर केला, तर तिने दोन दिवस दूध चोरलं. एक पोरगी आजारी मावशीला भेटायला गेली आणि सगळा वेळ हसत बसली. मावशीने अंथरुणातून उठून तिला हाकललं, एवढाच काय तो फायदा! पण वर्गातला खरा हिरा होता प्रज्वल. त्याचे मागचे चार विषय अजून निघायचे होते, पण तोंड असं चालायचं की मळणीयंत्राने लाजावं. एस.टी.च्या कंडक्टरने त्याला "तिकीट?" म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, "फारच सुंदर प्रश्न विचारलात, सर! म्हणजे आपल्याला जाणून घ्यायचंय, की मी तिकीट काढलं आहे का?" कंडक्टरने त्याला पुढच्याच स्टॉपला उतरवून दिलं. प्रज्वल पाच किलोमीटर चालत कॉलेजात आला, पण हसत आला!

"शाबास!" पाठक सर म्हणाले. "ह्याला म्हणतात आत्मविश्वास!"

घोडं अडलं होतं ते अपेक्षापाशी.

कडूबा नावाच्या भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याची ही मुलगी दोन्ही वर्षं कॉलेजात पहिली आली होती. पेपरात ती असं लिहायची, की सर स्वतः तिच्या उत्तरपत्रिकेवरून नोट्स काढायचे. (हे कुठे बोलू नका.) पण तिला उभं करून नाव जरी विचारलं, तरी तिचा आवाज नळाचं पाणी गेल्यासारखा जायचा. आधी जरा फुस्स, मग तेही नाही. तिला अमरावतीला एम.एस्सी. करायचं होतं. वसतिगृहात जागा मिळायची ती फक्त पहिल्या यादीतल्या मुलींना, आणि हे पन्नास गुण बुडाले की पहिली यादीही बुडाली.

"अपेक्षा, डोळ्यांत बघ माझ्या!" सर म्हणाले.

तिने बघितलं. असं बघितलं, की सरांनाच घाम फुटला.

"राहू दे. तू नुसती हसून उभी राहा. बाकी मी सांभाळून घेतो."

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक म्हणून देऊळगाव राजाचे डॉ. एस. व्ही. राजूरकर येणार असं पत्र होतं. सरांनी मनात चित्रही रंगवलं होतं. उंच, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, काळी बॅग. त्यांनी नावाचा पुठ्ठा देऊन कारभारीभाऊंना स्टँडवर पाठवलं. "साहेबांना अदबीने घेऊन या!"

आणि सव्वादहाला व्हरांड्यात कोण आलं? उंच, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, काळी बॅग!

"नमस्कार, मी हरि—"

"या, या, या सर!" पाठक सरांनी त्यांचा हात पकडून असा हलवला, की हापश्याचं पाणी वर यावं. नियम एक. "वाटच पाहत होतो! प्रवास कसा झाला?"

"बरा झाला. चिखलीहून निंगालो सकाळीच."

रात्री चिखलीला पाहुण्यांकडे मुक्काम केला असणार, सरांनी मनात जुळवून टाकलं. "वा! बसा, चहा घ्या, पोहे घ्या."

"पोहे राहू द्या सर. मले आधी ते मशीन पाहाचं होतं."

"अगदी बरोबर! म्हणजे आपल्याला आधी आमची उपकरणं पाहायची आहेत." प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगायचा, नियम चार! "पाहू ना सर, सगळं पाहू! पण आधी विद्यार्थी."

"इद्यार्थी?" पाहुणे गोंधळले. "हां, म्हंजे वापरतात कसं ते पाहू म्हनता? चालते."

'किती साधं बोलतात!' सर भारावले. 'एवढे मोठे डॉक्टर, पण वऱ्हाडी सोडली नाही!'

ते मुलांना बोलवायला व्हरांड्यात आले, तर तिथल्या बाकावर एक बाई बसलेल्या. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या डोकावत होत्या.

"नमस्कार," बाई उठल्या. "मी—"

"ताई, पालकसभा शनिवारी! आज परीक्षा आहे."

"हो, त्याचसाठी मी—"

"तुमची काळजी समजते मला. पण बाहेरचे परीक्षक आत येऊन बसलेत. आवाज करू नका, इथेच बसा."

"परीक्षक आत बसलेत?" बाईंच्या भुवया वर गेल्या.

"बसलेत! फार कडक माणूस आहे!"

बाईंनी पर्समधून फोन काढून कुणाला तरी लावला. लागला नाही. मग त्या बाकावर पुन्हा बसल्या, जरा विचार केला आणि पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडायला लागल्या. लोक परीक्षेलासुद्धा भाजी घेऊन येतात, असं पुटपुटत सर आत वळले. अपेक्षा दाराशी पांढरीफटक पडून उभी होती. तिचा नंबर खरं तर पहिला, पण सरांनी तिला शेवटी टाकलं.

"तू त्या मावशींजवळ बस. उजळणी कर. प्रज्वल, चल!"

प्रज्वल आत गेला. पाहुण्यांचा हात त्याने असा दाबला, की त्यांच्या हातातला बिस्किटाचा चुरा झाला. मग त्याने दहा मिनिटं प्रोजेक्ट सांगितला. पाहुणे अधूनमधून "हाव, हाव" करत ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी विचारलं,

"हे वजन कोनत्या काट्यावर केलं?"

"प्रयोगशाळेतल्या डिजिटल काट्यावर, सर!"

"काटा झीरो केला व्हता का आधी?"

पाठक सर मनात उडालेच. काय परीक्षक आहे! बाकीचे ढीगभर प्रश्न विचारतात; ह्याने एकदम पायावरच बोट ठेवलं!

"फारच सुंदर प्रश्न, सर!" प्रज्वल हसला. "या प्रश्नाने मला अंतर्मुख केलं."

"मंग केला व्हता का नाही?"

"म्हणजे आपल्याला विचारायचंय, की मी काटा झीरो केला होता का."

"हाव. तेच इचारून राह्यलो ना बाबा!"

"धन्यवाद, सर!" असं म्हणून प्रज्वलने पुन्हा हात दाबला आणि बाहेर पळाला.

त्यानंतर एकामागून एक पोरं आत गेली आणि घामाघूम होऊन बाहेर आली. पाहुण्यांचा प्रश्न एकच! कुणाचा प्रोजेक्ट साबणाचा असो, खताचा असो, नाहीतर सरोवराच्या पाण्याचा, शेवटी गाडी तिथेच यायची. काटा झीरो केला होता का? वजन किती आलं? दुसऱ्यांदा ठेवल्यावर तेवढंच आलं का?

"लय खतरनाक साहेब हाये बे!" व्हरांड्यात कुजबुज पसरली. "एकच सवाल विचारते, पन आतवर जाते!"

सर मधेच खिडकीपाशी गेले. बाहेर अपेक्षा त्या बाईंशेजारी बसून मेथी निवडत होती आणि चक्क बोलत होती!

"...ह्या मेथीचे पानं पिवळे हायेत, पाहा ना मावशी. आमच्याही खालच्या विहिरीच्या वाफ्यात अशीच येते. वरच्या विहिरीची हिरवीगार! बाबा म्हणे खत कमी पडलं. मी दोन्ही विहिरींचं पाणी तपासलं, त खालच्या पान्यात खार निंघाला. मातीत लोखंड हाये, पन खारापायी ते मेथीच्या मुळाले घेताच येत नाही."

"मग काय केलंस गं?" बाईंनी विचारलं.

"तपासलं ना! दर आठ दिवसाले पाणी, माती, पान, सगळं. अन् दोन्ही पाणी मिसळून देऊन पाह्यलं..."

"अपेक्षा!" सरांनी खिडकीतून आवाज टाकला. "गप्पा कमी! मेथी घरी निवड, इथे उजळणी कर!"

अपेक्षाचा आवाज कट्कन बंद झाला. बाईंनी खिडकीकडे एकदा नुसतं बघितलं. सरांना उगीचच शाळेत असल्यासारखं वाटलं.

साडेबाराच्या सुमारास तेरा पोरं उरकली. सरांनी गुणपत्रक पाहुण्यांपुढे ठेवलं. "सर, अपेक्षा राहिली आहे, पण तोवर बाकीच्यांचं भरून टाका. नावापुढे लिहा आणि खाली सही."

पाहुण्यांनी तेरा नावं बघितली, डोकं खाजवलं आणि भराभर लिहून सही ठोकली. सरांनी कागद उचलून वाचला. 'ठीक. ठीक. ठीक. बरा आहे. ठीक.' आणि प्रज्वलच्या नावापुढे, 'आवाज जास्त. पूर्ण सर्व्हिसिंग लागेल.'

"सर, हे... पन्नासपैकी द्यायचे असतात..."

इतक्यात कारभारीभाऊ धापा टाकत आत आले. पुठ्ठा काखेत, चेहरा उन्हाने लाल.

"सर, तीन गाड्या पाह्यल्या! एक बी साहेब उतरला नाही!"

"अहो, साहेब केव्हाचे आलेत! हे काय बसलेत!"

कारभारीभाऊंनी पाहिलं. "हे? हे त हरिओमभाऊ हायेत, चिखलीचे! काटे दुरुस्त करनारे! म्याच फोन करून बोलावलं त्याईले!"

पाठक सरांनी हातातल्या कागदावरची सही पहिल्यांदाच नीट वाचली.

"म्या दोन घंट्यापासून सांगून राह्यलो ना सर!" हरिओम कळवळून म्हणाला. "मशीन पाहाचं हाये म्हनलं, त तुमी एकेक पोरगं आनून उभं करून राह्यले! मले वाटलं कॉलेजची पद्धत असन. लोकं पोहे देऊन राह्यले, हात मिळवून राह्यले... इतकी इज्जत मले माह्या लग्नात बी नव्हती भेटली!"

"मग... मग राजूरकर कुठे आहेत?" सरांचा आवाज नळाचं पाणी गेल्यासारखा फुस्स झाला.

"साहेब नाहीच आले," कारभारीभाऊ म्हणाले. "दुसरबीडच्या गाडीतून एक बाई तेवढ्या उतरल्या. कॉलेज कुठी हाये म्हने. म्या रस्ता दाखवला. मेथी व्हती त्यायच्यापाशी."

सरांची मान खिडकीकडे वळली. ती वळायला फार वेळ लागला. बाहेर बाई निवडलेली मेथी पिशवीत भरत होत्या.

डॉ. स्नेहलता राजूरकर आत आल्या, बेसिनवर हात धुतले आणि रुमालाने पुसत म्हणाल्या, "पालकसभा शनिवारी ना?"

चौदा पोरं दारात दाटीवाटीने उभी राहून बघत होती, की आता आपले सर कसं सांभाळतात. सरांनी हात पुढे केला, तो अर्ध्यातच थांबला. डोळ्यांत बघायचं, तर नजर फरशीवरून उठेना. हसायला गेले, तर दाढ दुखल्यासारखा चेहरा झाला.

प्रज्वलला राहवलं नाही. "मॅडम, फारच सुंदर प्रश्न—"

"गप बस बे!" सर ओरडले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते काहीतरी मनापासून बोलले होते.

मॅडम मात्र हसल्या, चांगल्या खळखळून. "बसा, सर. दोन तास मजेत गेले माझे. चला, आता परीक्षा घेऊ. आणि हे बघा पोरांनो, घरी बोलता तसं बोला. येत नसेल तर येत नाही म्हणा. त्याचे गुण मी कापत नाही."

मग परीक्षा सुरू झाली आणि काय सांगू! 'येत नाही' म्हणायची परवानगी मिळाल्याबरोबर पोरांना बरंच काही यायला लागलं! कोपऱ्यात हरिओमने एकदाचा काटा उघडला होता. तीन पोरं झाली असतील, तोच त्याने मान वर केली.

"मॅडम, सांगू का? काटा पाव ग्रॅम जास्त दाखवून राह्यला. दोन-तीन महिने झाले असन."

मॅडमनी पुढ्यातले चौदा प्रोजेक्ट बघितले. "म्हणजे सगळ्यांचे आकडे चुकले?"

पाठक सरांना वाटलं, झालं! चौदाच्या चौदा बुडाले! तेवढ्यात मॅडमनी एक वही वेगळी काढली. "पण अपेक्षाचे आकडे हिशेबाला बरोबर जुळतात. कसे गं?"

अपेक्षा उभी राहिली. ओठ हलले, आवाज नाही. मॅडमनी पिशवीतून मेथीची दुसरी जुडी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "घे. निवडत निवडत सांग."

अपेक्षाने एक काडी उचलली आणि आवाज आला. "काट्यावर भरोसा नव्हता, मॅडम. दहा ग्रॅमचं वजन ठेवलं त सव्वादहा दाखवे. मंग मी सोडा पुडीत बांधून लोणारले सोनाराकडं नेला. त्याच्या काट्यावर तोलला. तो म्हने, ताई, हे कोनतं सोनं हाये?"

सगळे हसले. ती पण हसली.

"मग सरांना का नाही सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

अपेक्षाने काडी खाली ठेवली, सरांकडे बघितलं, पुन्हा उचलली. "तीनदा आली होती, मॅडम. तिन्ही वेळा सर आमाले बोलावं कसं हे शिकवून राह्यले होते. मधात बोलायची हिंमत नाही झाली. मंग मोडतोडीच्या रजिस्टरात लिहून ठेवलं."

"हाव! तेच वाचून म्या हरिओमभाऊले फोन लावला!" कारभारीभाऊ आनंदाने म्हणाले. त्यांना वाटलं, आपण सरांची बाजू सावरली!

पाठक सर स्टुलावर बसले. त्यांच्या डोक्यावर प्रमाणपत्र लटकत होतं. ते खाली पडलं असतं तर बरं झालं असतं, पण खिळा कारभारीभाऊंनी ठोकला होता, पक्का!

मॅडमनी मार्ग काढला. काट्याच्या चुकीची शिक्षा मुलांना नको, म्हणाल्या. किती फरक आला ते प्रत्येकाने इथेच बसून दुरुस्त करून दाखवावं. तासभर तेरा पोरं आकडेमोड करत होती, आणि त्यांच्यामधून अपेक्षा फिरत समजावत होती. काडी हातातच होती.

शेवटी प्रज्वल उभा राहिला. "मॅडम, आकडे आले, पन त्याचा अर्थ मले... येत नाही."

"बरं. मग तू नेमकं केलंस काय?"

"मी फिरलो, मॅडम. सरोवराच्या आसपासच्या चाळीस विहिरींचं पाणी आनलं. लोकं देत नव्हते. म्हने पाणी कायले पाहिजे, करनी करता का? एकेकापाशी घंटा घंटा बसलो, त्यायच्या पोरींच्या लग्नाच्या याद्या लिहून देल्या, तवा बाटली भरू देली. वर्गात ज्यायचे पान्याचे प्रोजेक्ट हायेत, त्या सगळ्यायचे नमुने माह्येच आनलेले हायेत. अपेक्षाच्या दोन विहिरी सोडून."

मॅडमनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. "हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"कोनी विचारलंच नाही, मॅडम. काट्याचंच विचारून राह्यले होते!"

निकाल लागला. अपेक्षाला अठ्ठेचाळीस. प्रज्वलला सत्तावीस, आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या फटक्यात पास झाल्याबद्दल त्याने कारभारीभाऊंना उचलून घेतलं. एकही पोरगं पडलं नाही. मॅडमच्या अहवालात एकच ओळ होती, 'विद्यार्थ्यांना विषय येतो आणि बोलताही येतं; फक्त त्यांना कुणी बोलू द्यावं.' प्राचार्यांनी ती दोनदा वाचली आणि पाठक सरांचं अभिनंदन केलं. शेवटचा अर्धा भाग त्यांनी बहुधा वाचला नसावा. सरांनीही लक्षात आणून दिलं नाही.

सोमवारी सर वर्गात गेले, ते ठरवूनच. आज आपण कमी बोलायचं! फळ्यावर एक लांबलचक समीकरण लिहिलं, खडू ठेवला आणि वर्गाकडे तोंड करून गप्प उभे राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. सरांना ते दोन तास वाटले.

आणि अपेक्षाचा हात वर आला! मेथी नाही, काही नाही, रिकामा हात!

सरांचे डोळे भरून आले. "बोल, बेटा, बोल!"

"सर, ते समीकरण चुकलं."

"कुठे?"

"सुरुवातीपासूनच."

सर फळ्याकडे वळले, आणि पुन्हा वर्गाकडे वळले तोवर मागे आणखी सहा हात वर झाले होते.